परळच्या चाळीत दूरचं स्टेशन कसं लावायचं? घरच्या एरियलचा धडा

विज्ञानाच्या पुस्तकात तरंगाचा वेग, वारंवारता आणि तरंगलांबी यांचं सूत्र असतं. मुलं ते पाठ करतात, दोन गणितं सोडवतात आणि परीक्षा झाली की सोडून देतात. पण तेच सूत्र वापरून एक वायर मापाने कापली, गॅलरीत बांधली आणि रात्री नऊ वाजता तिच्यातून परदेशातला माणूस बोलताना ऐकू आला, की मग सूत्र वेगळं पाठ करावं लागत नाही. आजचा धडा त्या वायरीचा.

जागा मुद्दाम परळची घेतली आहे. दूरचा रेडिओ ऐकायला मुंबईत याहून अवघड जागा शोधावी लागेल. एका बाजूला लोकलच्या रुळांवरची पंचवीस हजार व्होल्टची तार, समोर गिरणीच्या जागेवर उभा राहिलेला टॉवर आणि त्याच्या लिफ्टा, चाळीत प्रत्येक बिऱ्हाडात एलईडी बल्ब, सेट-टॉप बॉक्स, मोबाइलचे चार्जर. या सगळ्यातून जी खरखर निघते तिच्यात दूरचं स्टेशन बुडून जातं. इथे जमलं तर तुमच्या गावी नक्की जमेल.

आधी सूत्र. रेडिओलहरी प्रकाशाच्याच वेगाने जातात, सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर. म्हणून हिशोब सोपा होतो: ३०० ला मेगाहर्ट्झने भागा, उत्तर मीटरमध्ये येतं. एफएमचं १०० मेगाहर्ट्झ घेतलं तर लहर ३ मीटरची. तिचा पाव भाग पाऊण मीटर, म्हणजे रेडिओची दांडी पूर्ण ओढल्यावर होते साधारण तेवढा. ९.६ मेगाहर्ट्झ घेतलं तर ३१ मीटर. जुन्या रेडिओच्या काचेवर ‘३१ मीटर’ छापलेलं असायचं ते हेच. आणि आकाशवाणी मुंबईच्या ५५८ किलोहर्ट्झची लहर तब्बल ५३८ मीटर लांब! एवढ्या लहरीचा पाव भाग पकडायलासुद्धा परळमध्ये एक अख्खी गल्ली लागेल. तरीही हातातल्या छोट्या रेडिओवर ते स्टेशन लागतं. ते कसं, हे पुढे येईलच.

उलटा हिशोबही करून पाहा. १९४२ च्या ऑगस्टअखेरीस मुंबईतून गुप्त काँग्रेस रेडिओ सुरू झाला. बावीस वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांचे सोबती तो चालवत होते. आपली लहर ४२.३४ मीटरची आहे, एवढंच ते सांगायचे; ठिकाण मात्र ‘हिंदुस्थानात कुठेतरी’. ३०० भागिले ४२.३४ करा, उत्तर येतं सुमारे ७.०९ मेगाहर्ट्झ. ऐकणाऱ्याने सुई नेमकी कुठे न्यायची ते या एका आकड्यात आलं. पोलिसांना माग लागू नये म्हणून प्रक्षेपक एका इमारतीतून दुसरीकडे हलवत राहावं लागे. १२ नोव्हेंबर १९४२ ला गिरगावच्या पारेखवाडीत छापा पडला आणि उषाबेनना पुढे चार वर्षांची शिक्षा झाली. प्रक्षेपण चोरून होत होतं, तसं ते ऐकणंही जोखमीचंच होतं. गॅलरीतली साधी वायर त्या काळात किती मोलाची असेल, याचा अंदाज यावरून करा.

आता लहर इतक्या लांब येते कशी? एफएमची लहर साधारण नजरेच्या टप्प्याएवढी जाते आणि वरती गेलेली अवकाशात निघून जाते. शॉर्टवेव्हचं तसं नाही. जमिनीपासून काही शे किलोमीटर वर, सूर्याच्या किरणांमुळे विद्युतभारित झालेल्या हवेचे थर आहेत. त्यांना आयनांबर म्हणतात. शॉर्टवेव्हची लहर तिथून वळून पुन्हा जमिनीवर येते. एका उडीत ती तीन हजार किलोमीटरसुद्धा जाते, मग जमिनीवरून परत वर, पुन्हा खाली. कोलंबो मुंबईहून सुमारे दीड हजार किलोमीटर, म्हणजे एका उडीतलं. म्हणूनच १९५२ साली रेडिओ सिलोनवर सुरू झालेली अमीन सायानींची ‘बिनाका गीतमाला’ दर बुधवारी गिरणगावात अशी लागायची, जणू स्टेशन लालबागलाच आहे. तेव्हा आकाशवाणीने सिनेगीतं जवळजवळ बंद केली होती, हेही लक्षात ठेवा. विविध भारती यायला १९५७ उजाडलं.

मीडियमवेव्हची गंमत रात्रीची. दिवसा आयनांबराचा सर्वांत खालचा थर मीडियमवेव्हची लहर शोषून घेतो, त्यामुळे जमिनीलगत येणारी जवळचीच स्टेशनं लागतात. सूर्य मावळला की तो थर विरतो, लहर वरच्या थरापर्यंत पोचते आणि तिथून वळते. म्हणून दुपारी जिथे नुसती खरखर असते तिथेच रात्री दहाला आखाताकडचं, इराणचं, श्रीलंकेचं काहीतरी लागतं. एकावर एक दोन स्टेशनं चढतात, आवाज लाटेसारखा वरखाली होतो. रेडिओ बिघडलेला नसतो, लहर दोन वाटांनी येऊन स्वतःशीच भांडत असते.

वायर आणण्याआधी खरखर शोधा

बहुतेक जण इथे घाई करतात. लॅमिंग्टन रोडला जाऊन शंभर फूट वायर आणतात, बांधतात आणि मग खरखरही दुप्पट झाली म्हणून नाराज होतात. वायर भली-बुरी निवड करत नाही. तिच्या जवळ जे आहे ते ती गोळा करते. तेव्हा आधी हे करा. रेडिओ सेलवर चालवा, मीडियमवेव्हवर स्टेशन नसलेल्या जागी सुई ठेवा आणि घरातला मेन स्विच बंद करा. आवाज एकदम शांत झाला तर गुन्हेगार घरातच आहे. मग एकेक वस्तू चालू करत जा: बल्ब, पंख्याचा रेग्युलेटर, टीव्ही, चार्जर. स्वस्तातला एखादा चार्जर किंवा एलईडी बल्बच बहुधा सापडतो. मेन बंद करूनही आवाज तसाच राहिला तर तो शेजारून किंवा रस्त्यावरून येतोय. मग रेडिओ हातात घेऊन गॅलरीभर फिरा. पाच पावलांवर आवाज निम्मा झालेला दिसेल. एरियल तिथे बांधायची.

जुन्या चाळीचा इथे फायदा आहे. लाकडी तुळया, विटांच्या भिंती, कौलं किंवा पत्रा अशा घरात लहर बऱ्यापैकी आत येते (पत्रा असेल तर जरा कमी). टॉवरमध्ये भिंतीभर सळया असतात, त्यामुळे आतल्या खोलीत रेडिओ मुका होतो. खिडकीशी आणला की बोलायला लागतो. टॉवरवाल्यांनी म्हणूनच वायर खिडकीबाहेर काढण्याचं पाहावं.

साधी वायर

व्हॉल्व्हच्या रेडिओच्या काळात घरात तांब्याच्या जाळीची पट्टी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ताणलेली असायची. आजोबांना विचारा, त्यांना आठवेल. तिच्या जागी आता प्लॅस्टिकचं आवरण असलेली कुठलीही बारीक तांब्याची वायर चालते. आवरण काढायची गरज नाही, लहर त्यातून जाते. दोन्ही टोकांना नायलॉनची दोरी बांधा, वायर खिळ्याला किंवा ग्रिलला थेट गुंडाळू नका. पूर्वी चिनी मातीचे इन्सुलेटर मिळत. पीव्हीसी पाइपचा वीतभर तुकडा तेच काम करतो. एक टोक आत आणून रेडिओच्या एरियलच्या खाचेत, खाच नसेल तर दांडीला चिमट्याने लावा.

लांबी किती? छोट्या पोर्टेबल रेडिओला पाच-सात मीटर पुरे. ‘जितकी लांब तितकी चांगली’ हा समज सोडून द्या. मोठ्या वायरीने जवळच्या स्टेशनांची ताकद इतकी येते की छोटा रेडिओ गांगरतो आणि नको त्या जागी मुंबईचंच स्टेशन ऐकू यायला लागतं. असं झालं तर वायर दांडीला जोडू नका, नुसती तिच्याजवळ ठेवा.

पूर्वी रेडिओची अर्थ वायर नळाला बांधायचे. नळ लोखंडी होते, जमिनीत जात होते, म्हणून ते चाललं. आता चाळीतले पाइपही प्लॅस्टिकचे झालेत, त्यांना वायर बांधून काही होत नाही. आणि प्लगच्या अर्थच्या भोकात वायर खुपसायचा विचार तर मनातही आणू नका. त्याऐवजी एरियलएवढीच दुसरी वायर फरशीकडेने पसरून रेडिओच्या अर्थला जोडा, बराच फरक पडतो.

मापाची एरियल

एकाच बँडवर चांगलं ऐकायचं असेल तर डायपोल बांधा, म्हणजे अर्ध्या लहरीची वायर मधोमध कापून दोन सारखे हात. हवेतल्या लहरीपेक्षा वायर किंचित आखूड लागते, म्हणून १५० ऐवजी १४३ ला मेगाहर्ट्झने भागायचं. ९.६ साठी उत्तर येतं १४.९ मीटर, म्हणजे प्रत्येक हात साडेसात मीटरच्या आसपास. मध्यावर टीव्हीची केबल जोडायची: आतली तार एका हाताला, बाहेरची जाळी दुसऱ्या हाताला.

चाळीची खोली दहा फुटांची धरली तर पंधरा मीटर म्हणजे पाच बिऱ्हाडं. एरियलचं गणित इथे शेजारधर्मात शिरतं. पाच दारांवरून वायर न्यायची तर पाच घरांना आधी विचारायला हवं, आणि ती कपड्यांच्या काठीच्या वर, कुणाच्या डोक्याला लागणार नाही अशी न्यायला हवी. ‘काका, रात्री दूरची स्टेशनं ऐकायला वायर बांधतोय, तिच्यात करंट नसतो,’ असं समजावून सांगितलं की सहसा कुणी नाही म्हणत नाही. उलट कुणीतरी स्टूल धरायला येतं. गच्ची असेल तर फारच उत्तम. वायर जितकी उंच आणि घरांपासून दूर, तितकी खरखर कमी. दिशेची फार काळजी करू नका. इतक्या कमी उंचीवर डायपोल जवळजवळ सगळीकडून ऐकतो.

चौकट

वायर बांधायला जागाच नसेल तर माझी शिफारस चौकटीची, आणि मीडियमवेव्हला तर हीच सर्वांत चांगली. दोन लाकडी पट्ट्या फुलीसारख्या ठोका आणि त्यांच्या टोकांवरून दोन फूट बाजूचा चौकोन होईल अशी वायर गुंडाळा, साधारण बारा-तेरा वेढे. सुमारे तीस मीटर वायर लागते. दोन टोकांमध्ये जुन्या रेडिओतला गँग कंडेन्सर जोडा, ५०० पिकोफॅरडच्या आसपासचा. बस्स. रेडिओला काही जोडायचं नाही. तो चौकटीशेजारी ठेवा, स्टेशन लावा आणि गँग हळूहळू फिरवा. एका जागी आवाज एकदम उसळी मारतो. बँडच्या एका टोकाची स्टेशनं येत नसतील तर एक-दोन वेढे कमी-जास्त करा.

वर प्रश्न राहिला होता तो हा: पोर्टेबल रेडिओच्या आत अशीच एक गुंडाळी असते, काळ्या फेराइटच्या कांडीवर. ती लहरीतला चुंबकीय भाग पकडते, त्यामुळे तिला पाव किलोमीटर लांबीची गरज नसते. या कांडीला दिशा कळते. कांडीचं टोक स्टेशनाकडे केलं की ते स्टेशन मंदावतं, कांडी आडवी धरली की खुलतं. मुंबईचा मीडियमवेव्ह प्रक्षेपक मालाडच्या बाजूला, म्हणजे परळच्या उत्तरेला. रेडिओ असा फिरवा की कांडी उत्तर-दक्षिण होईल. मुंबई दबते आणि पूर्व-पश्चिमेकडची स्टेशनं वर येतात. टॉवरच्या लिफ्टची खरखरही अशीच फिरवून दाबता येते. प्रक्षेपक शोधत फिरणाऱ्या गाड्यांची युक्ती हीच; आवाज कुठे मावळतो ते दोन ठिकाणांहून पाहायचं आणि नकाशावर दोन रेषा ओढायच्या. वर्गात हा प्रयोग एका तासिकेत होतो.

जिवाचं आधी

वायर कधीही रुळांच्या दिशेने, पुलावरून किंवा रस्ता ओलांडून फेकू नका. रेल्वेच्या तारेला नुसती जवळ गेली तरी पुरे आहे. मीटरच्या पेटीजवळून, लोंबत्या केबलींना चिकटून वायर नेऊ नका. गच्चीच्या कठड्यावर उभं राहून बांधू नका, आणि मुलांनी हे मोठ्या माणसाशिवाय करायचंच नाही. वीज चमकायला लागली की एरियल रेडिओपासून काढून खिडकीबाहेर टाकायची. कडकडाट सुरू झाल्यावर नव्हे, त्याआधी. गच्चीवरची वायर जूनच्या सुरुवातीला सरळ उतरवून ठेवावी. तसंही पावसाळ्यात दूरवरच्या विजांची खरखर मीडियमवेव्हवर इतकी असते की फार काही हाती लागत नाही. आणि ऑक्टोबरच्या परतीच्या पावसातल्या विजा ओसरल्याशिवाय ती पुन्हा चढवू नये.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस सर्वांत चांगले. रात्र मोठी, विजा कमी. संध्याकाळी सात ते अकरा आणि पहाटे पाचची वेळ साधा. शॉर्टवेव्हवर आता पूर्वीइतकी गर्दी नाही. बीबीसी हिंदीचं शॉर्टवेव्ह प्रसारण ३१ जानेवारी २०२० ला थांबलं, इतरही बरेच गेले. आहेत त्यात चीनची स्टेशनं जोरात लागतात. १० मेगाहर्ट्झवर चीनचं बीपीएम हे वेळ सांगणारं स्टेशन सेकंदाला एक टिक देतं; तुमची एरियल काम करते की नाही ते तपासायला ते सोयीचं, कारण त्यावर कार्यक्रम बदलत नाही.

वही ठेवा. तारीख, वेळ, किलोहर्ट्झ, भाषा, काय ऐकलं आणि कुठली एरियल होती. वेळ जागतिक प्रमाणवेळेत लिहायची, म्हणजे आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा: रात्री साडेनऊला ऐकलं तर १६:००. पहाटे पाचला ऐकलं तर २३:३०, आणि तारीख आदल्या दिवसाची! इथे सगळे चुकतात. स्टेशनचं नाव कानाने नीट पकडलं असेल तर त्यांना पत्र किंवा ईमेल पाठवा, कार्यक्रमातले दोन-तीन तपशील देऊन. तपशील जुळले तर अनेक स्टेशनं क्यूएसएल कार्ड पाठवतात, आकाशवाणीनेही पाठवली आहेत. पत्त्यात मजला आणि खोली नंबर स्पष्ट लिहा, नाहीतर परदेशातून आलेलं कार्ड चाळीत तिसऱ्याच्याच दारात पडून राहतं.