बेसल सेल कार्सिनोमा : विरळ प्रसार आणि उपचार

प्रस्तावना :
बेसल सेल कार्सिनोमा हा त्वचेचा सर्वाधिक आढळणारा कर्करोग होय. बाह्यत्वचेच्या तळथरातील पेशींशी निगडित असलेला हा रोग मुख्यतः चेहरा व मान या उघड्या भागांवर दिसतो. त्याची वाढ संथ असल्याने त्यास निरुपद्रवी मानण्याची प्रवृत्ती आढळते. त्याचा विरळ प्रसार मात्र या समजुतीस छेद देतो.

प्रसाराचे स्वरूप :
हा रोग शरीरात अन्यत्र पसरण्याचे प्रमाण ०.००२८ ते ०.५५ टक्के एवढेच नोंदविले गेले आहे. दीर्घकाळ दुर्लक्षित, मोठ्या अथवा उपचारानंतर पुनःपुन्हा उद्भवणाऱ्या गाठींपासून तो लसिकाग्रंथी, फुप्फुसे व हाडे यांत पोहोचतो. अशा वेळी केवळ शस्त्रक्रिया क्वचितच पुरेशी ठरते.

संशोधनाची पार्श्वभूमी :
या अवस्थेवरील औषधाचे मूळ कर्करोग-संशोधनाबाहेर आहे. १९८० मध्ये न्यूसलाइन-फोलहार्ड व विशाउस यांनी फळमाशीच्या अभ्यासातून ‘हेजहॉग’ जनुक उजेडात आणले. गर्भाच्या अवयवरचनेत या जनुकाची संदेशयंत्रणा महत्त्वाची असते. तीत ‘पॅच्ड’ हे प्रथिन ‘स्मूदन्ड’ या प्रथिनास आवर घालते. हा आवर सुटल्यास पेशींची अनिर्बंध वाढ होते. बेसल सेल कार्सिनोमात बहुधा हेच घडते. दुसरीकडे, अमेरिकेतील आयडाहो राज्यात व्हेराट्रम ही वनस्पती खाल्लेल्या मेंढ्यांना एकाक्ष कोकरे होत असल्याचे १९५०च्या दशकात लक्षात आले होते. तिच्यातील सायक्लोपामाइन हे द्रव्य स्मूदन्डलाच रोखते, हे पुढे सिद्ध झाले.

उपचार :
स्मूदन्डला रोखणाऱ्या विस्मोडेगिब या औषधास अमेरिकेत ३० जानेवारी २०१२ रोजी मान्यता मिळाली. चाचणीतील प्रसारग्रस्त ३३ रुग्णांपैकी ३० टक्के रुग्णांत गाठी लक्षणीय आकसल्या. स्नायूंत पेटके येणे, केस गळणे व चव जाणे हे त्याचे दुष्परिणाम होत. कोकरांतील व्यंगामागील तत्त्व येथेही लागू असल्याने गर्भावस्थेत ते निषिद्ध आहे. कालांतराने पेशी औषधास दाद देईनाशा होतात. अशा रुग्णांसाठी २०२१ मध्ये सेमिप्लिमॅब या प्रतिकारशक्तीस चालना देणाऱ्या औषधास मान्यता मिळाली.

समारोप :
माशी व मेंढी यांच्या अभ्यासातून कर्करोगावरील औषधाची वाट सापडावी, ही मूलभूत संशोधनाचे मोल पटविणारी बाब आहे. तथापि औषधांच्या मर्यादा पाहता, न भरणाऱ्या व्रणाची वेळीच तपासणी करून गाठ समूळ काढणे हाच प्रसार टाळण्याचा खात्रीचा मार्ग ठरतो.