आप्रवासन कायदा व स्थानिक पोलीस

परकीय व्यक्तीने देशात कोणत्या अटींवर प्रवेश करावा, किती काळ राहावे आणि अटींचा भंग झाल्यास तिला परत कसे पाठवावे, यांविषयीच्या विधिनियमांना आप्रवासन कायदा असे म्हणतात. भारतात हा विषय केंद्राच्या अखत्यारीतील आहे. संविधानाच्या सातव्या अनुसूचीतील संघसूचीत नागरिकत्व व परकीय व्यक्ती (नोंद १७) आणि प्रवेश, देशांतर, निष्कासन, पारपत्रे व व्हिसा (नोंद १९) या बाबी समाविष्ट आहेत. सार्वजनिक सुव्यवस्था व पोलीस या बाबी मात्र राज्यसूचीत (नोंदी १ व २) येतात. त्यामुळे कायदा केंद्राचा आणि तो अंमलात आणणारा शिपाई राज्याचा, अशी स्थिती निर्माण होते. अनुच्छेद २५८ (१) ने हा सांधा जुळविला आहे. त्यानुसार राज्याच्या संमतीने केंद्राला आपली कार्यकारी कामे राज्य शासनाकडे सोपविता येतात. १९ एप्रिल १९५८ च्या अधिसूचनेने परकीय व्यक्तीस देश सोडण्याचा आदेश देण्यासारखे अधिकार राज्यांना याच रीतीने मिळाले.

या कायद्याचा उगम ब्रिटिश अंमलातील आहे. पारपत्र (भारतात प्रवेश) अधिनियम १९२० मध्ये, परकीय व्यक्ती नोंदणी अधिनियम १९३९ मध्ये व परकीय व्यक्ती अधिनियम १९४६ मध्ये संमत झाला. यांपैकी नोंदणीचा कायदा महायुद्धाच्या तोंडावरचा असून, परकीयाकडे संशयाने पाहण्याची युद्धकालीन दृष्टी त्यात दिसते. युद्धकाळात जर्मन व अन्य शत्रुराष्ट्रीयांना सातारा आणि पुरंदर येथे स्थानबद्ध करण्यात आले होते. शांततेच्या काळातही हाच साचा टिकून राहिला. जिल्ह्यात पोलीस अधीक्षक हा नोंदणी अधिकारी असे. मुंबईत हे काम दीर्घकाळ पोलीस आयुक्तालयाच्या विशेष शाखेकडे होते.

मुंबईच्या उपनगरांपैकी विलेपार्ले व त्याच्या पूर्वेकडील सहार या परिसरात या व्यवस्थेचे स्वरूप विशेष स्पष्टपणे दिसते. सांताक्रूझ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जुन्या विमानतळाचे अंतर्देशीय स्थानक विलेपार्ले रेल्वे स्थानकापासून जवळ आहे. आंतरराष्ट्रीय प्रवाशांसाठी सहार येथील स्थानक १९८१ मध्ये सुरू झाले व २०१४ मध्ये तेथे नवी इमारत उभी राहिली. या विमानतळावर पारपत्रे तपासणारे कर्मचारी कित्येक वर्षे मुंबई पोलिसांचेच होते. पुढे हे काम केंद्रीय गृहमंत्रालयाच्या आप्रवासन विभागाकडे गेले. तथापि स्थानिक पोलिसांचा संबंध तेथे संपला नाही. पारपत्रावरील छायाचित्र बदललेले आहे किंवा व्हिसाचा शिक्का बनावट आहे, असे तपासणी अधिकाऱ्यास आढळल्यास तो त्या प्रवाशास सहार पोलीस ठाण्याच्या स्वाधीन करून फिर्याद देतो. गुन्हा नोंदविणे, अटक, अंधेरीच्या दंडाधिकाऱ्यापुढे हजर करणे, दलालांचा माग काढणे हे पुढील सर्व काम ठाण्याचे असते. अशा खटल्यांत पारपत्र अधिनियम, १९६७ मधील कलम १२ व फसवणूक-बनावटीची कलमे लावली जातात. ही कलमे पूर्वी भारतीय दंड संहितेतील असत, १ जुलै २०२४ पासून ती भारतीय न्याय संहितेतील आहेत. यात एक विसंगती आहे. ज्याला देशाबाहेर घालविणे हा कायद्याचा हेतू, त्याच्यावर खटला भरल्यामुळे निकाल लागेपर्यंत व शिक्षा भोगून होईपर्यंत त्याला देशातच ठेवावे लागते.

विमानतळाभोवती वाढलेल्या हॉटेलांमुळे नोंदणीची दुसरी बाजू पुढे येते. परकीय पाहुणा उतरल्यापासून २४ तासांच्या आत विहित नमुन्यातील माहिती नोंदणी अधिकाऱ्यास कळविणे हॉटेलचालकावर बंधनकारक आहे. धर्मशाळा, अतिथिगृहे, तसेच परकीयास घरी ठेवून घेणारे गृहस्थ यांनाही हा नियम लागू होतो. पूर्वी कागदावर भरून दिला जाणारा हा नमुना आता संगणकाद्वारे पाठविला जातो. पाकिस्तानी नागरिकांना आगमनानंतर २४ तासांत पोलिसांकडे हजर होण्याची वेगळी अट होती. त्यांचे बहुतेक व्हिसा पहलगाम येथील हल्ल्यानंतर २७ एप्रिल २०२५ पासून रद्द झाले, तेव्हा त्यांचा ठावठिकाणा शोधण्याचे काम राज्यांच्या पोलिसांनाच करावे लागले. याच ठाण्यातील शिपाई परदेशी निघालेल्या पार्लेकराच्या पारपत्र-अर्जाची पडताळणीही करतो. बहुतेक नागरिकांचा या कायद्याशी येणारा संबंध एवढाच असतो.

खरी अडचण विमानतळावर येत नाही, ती वस्तीत येते. विमानाने आलेल्या प्रवाशाजवळ काही ना काही कागद असतो, परंतु सीमा ओलांडून आलेला मजूर आणि बंगालमधून आलेला भारतीय मजूर यांची भाषा, पोशाख व कित्येकदा नावेही सारखीच असतात. नागरिकत्व अधिनियम, १९५५ नुसार १ जुलै १९८७ पूर्वी भारतात जन्मलेली व्यक्ती सामान्यतः जन्माने नागरिक ठरते. त्यानंतर जन्मलेल्यांच्या बाबतीत आईवडिलांपैकी एकाचे नागरिकत्व व ३ डिसेंबर २००४ पासून दुसऱ्याचा कायदेशीर निवासही पाहावा लागतो. हा वंशशोध ठाण्यातील उपनिरीक्षकाने करावयाचा, आणि तोही ज्यांच्या घरी जन्मदाखला सापडणे दुर्मिळ अशा लोकांबाबत. आधारपत्र, पॅनपत्र किंवा मतदार ओळखपत्र जवळ असल्याने कोणी नागरिक ठरत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये ठाण्यातील एका जामीन प्रकरणात स्पष्ट केले. सामान्य माणसाकडे मात्र बहुधा हेच कागद असतात.

याचा परिणाम जुलै १९९८ मध्ये दिसून आला. मुंबई पोलिसांनी बांगलादेशी ठरवून पकडलेल्या बंगालीभाषक जरीकामगारांना पहाऱ्यात रेल्वेने सीमेकडे नेले जात असता हावडा जिल्ह्यातील उलुबेडिया येथे जमावाने गाडी अडवून त्यांना सोडविले. यांतील अनेक जण भारतीयच असल्याचे पश्चिम बंगाल शासनाचे म्हणणे होते व दोन राज्यांमध्ये वाद झाला. २०२५ च्या जूनमध्येही महाराष्ट्रात पकडून सीमेपार धाडलेल्या काही जणांना बंगालच्या पोलिसांनी पडताळणी केल्यावर परत आणावे लागले. संशयिताच्या मूळ गावच्या पोलिसांकडे चौकशी करण्यास लागणारे काही दिवस वाचविण्याचा मोह अशा चुकांच्या मुळाशी असतो, असे म्हणणे भाग आहे.

आपण परकीय नाही हे सिद्ध करण्याचा भार १९४६ च्या अधिनियमातील कलम ९ ने संशयितावरच टाकला होता. आसामपुरता हा भार शासनाकडे वळविणारा १९८३ चा कायदा सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये घटनाबाह्य ठरविला. तथापि जुलै २०२४ च्या निर्णयात त्याच न्यायालयाने असेही म्हटले की, कोणालाही वाटेल तसे उचलून ‘नागरिकत्व सिद्ध कर’ असे सांगण्याचा अधिकार या कलमाने मिळत नाही; संशयास काही आधारभूत सामग्री आधी हवी. १९६४ च्या आदेशान्वये नेमलेली न्यायाधिकरणे प्रत्यक्षात आसामातच कार्यरत राहिल्यामुळे मुंबईतील प्रकरणे फौजदारी न्यायालयांपुढेच चालत आली.

अन्य संघराज्यांतही हा प्रश्न उद्भवला आहे. अमेरिकेत १९९६ मध्ये कायद्यात घातलेल्या कलम २८७ (जी) नुसार स्थानिक पोलिसांना संघराज्याशी करार करून आप्रवासनाचे अधिकार स्वीकारता येतात, मात्र ते ऐच्छिक आहे. ॲरिझोना राज्याने २०१० मध्ये स्वतःच केलेल्या कायद्याचा बराचसा भाग तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये रद्द केला. पोलिसांकडे गेल्यास हद्दपारी ओढवेल या भीतीने स्थलांतरित लोक चोरी वा मारहाणीची तक्रारही करीत नाहीत, हा तेथील अनेक पोलीस अधिकाऱ्यांचा आक्षेप आहे. ब्रिटनने काही देशांच्या नागरिकांसाठी असलेली पोलीस-नोंदणीची पद्धत २०२२ मध्ये बंद केली.

भारतात आप्रवासन व परकीय व्यक्ती अधिनियम, २०२५ हा १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला असून त्याने १९२०, १९३९ व १९४६ चे अधिनियम निरसित केले. हॉटेलांप्रमाणेच विद्यापीठे व रुग्णालये यांनाही परकीयांची माहिती देण्याचे कर्तव्य त्यात घातले आहे. वैध पारपत्राविना प्रवेश केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद व पाच लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. हेड कॉन्स्टेबल वा त्यावरील दर्जाच्या पोलिसास अधिपत्राविना अटक करता येते, आणि सिद्धतेचा भार पूर्वीप्रमाणेच त्या व्यक्तीवर राहतो.