किनाऱ्याची सहल आडवी आखा

दिवाळी सरली, सकाळी जरा गारवा जाणवू लागला की घराघरांत कोकणात गाडी काढायचे बेत सुरू होतात. बेत बहुधा ठरलेलाच असतो. मुंबई किंवा पुण्याहून निघायचं, अलिबाग, मुरुड, दिवेआगर, हरिहरेश्वर, दापोली, गुहागर, गणपतीपुळे, मालवण असं करत गोवा गाठायचा आणि चार-पाच दिवसांत अख्खा किनारा ‘करून’ टाकायचा. नकाशावर ही रेघ फार देखणी दिसते. डावीकडे डोंगर, उजवीकडे समुद्र, मधून रस्ता. प्रत्यक्षात तिसऱ्या दिवसापर्यंत गाडीतली मुलं कंटाळलेली असतात, चालवणाऱ्याची पाठ धरलेली असते आणि समुद्र दिसतो तो मुक्कामी पोहोचल्यावर, अंधारात. असं झालं की दोष रस्त्याला, खड्ड्यांना, सरकारला दिला जातो. त्यात तथ्य असतंच, पण मुळात घोळ दिशेचा आहे. किनारा दक्षिणोत्तर पसरला असला तरी कोकण घडलं आणि वसलं ते पूर्व-पश्चिम. सहलही तशीच, घाटमाथ्यावरून बंदराकडे, आडवी आखली तर कमी दिवसांत जास्त पाहून होतं.

हे पटायला आधी जमीन बघावी लागते. सह्याद्रीची धार समुद्रापासून साधारण 40 ते 60 किलोमीटरवर आहे. एवढ्या थोड्या अंतरात सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री, काजळी, मुचकुंदी, वाघोटन अशा नद्या धावत खाली येतात आणि समुद्राला मिळण्याआधी त्यांच्या खाड्या होतात. सुमारे 20,000 वर्षांपूर्वी, हिमयुगाच्या भरात, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा शंभर मीटरहून जास्त खाली होती. पुढे बर्फ वितळलं, समुद्र चढला आणि नद्यांच्या खालच्या दऱ्या खाऱ्या पाण्याखाली गेल्या. त्याच आजच्या बाणकोट, दाभोळ, जयगड, पूर्णगड, विजयदुर्गच्या खाड्या. दोन खाड्यांच्या मध्ये जांभ्याचे उंच सपाट सडे आहेत. म्हणजे किनाऱ्याकिनाऱ्याने दक्षिणेकडे जाणारा रस्ता दर काही मैलांवर सड्यावर चढतो, पुन्हा एखाद्या नारळी-पोफळीच्या गावात उतरतो, खाडीपाशी थबकतो, पलीकडे गेला की परत चढतो. गावातून जाताना दोन्ही बाजूंना चिऱ्यांचे गडगे, समोरून एसटी आली की कुणीतरी एकाने मागे घ्यायचं. इथे तासाला 30 किलोमीटर पडले तरी बरे पडले म्हणायचे. पठारावरच्या महामार्गाचा हिशेब लावून ‘अंतर फक्त 120’ म्हणणारा माणूस हमखास फसतो.

लोकांची ये-जाही याच जमिनीला धरून होती. दाभोळ हे बहमनी आणि आदिलशाही काळातलं मोठं बंदर. तिथे उतरलेला माल वाशिष्ठीच्या खाडीतून आत चिपळूणपर्यंत यायचा आणि तिथून घाट चढून देशावर जायचा. राजापूर, खारेपाटण ही गावं समुद्रापासून बरीच आत असूनही व्यापारी म्हणून नावारूपाला आली, कारण खाडीने मचवे तिथवर येत आणि तिथून घाटाची वाट धरता येई. प्रत्येक घाटाला त्याचं बंदर आणि प्रत्येक बंदराला त्याचा घाट अशी ही बांधणी होती. एका बंदरातून दुसऱ्या बंदरात जायचं तर लोक रस्त्याने जातच नसत, समुद्राने जात. मुंबईहून सुटणारी आगबोट हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला अशी बंदरं घेत जायची, उतारू पडावात बसून किनाऱ्याला लागायचे आणि पावसाळ्यात ही सगळी वाहतूक बंद असायची. किनाऱ्यालगत सलग रस्ता असावा ही कल्पना त्या मानाने अगदी अलीकडची. रेवस ते रेड्डी सागरी महामार्गाचं नाव बॅरिस्टर अंतुले यांच्याशी जोडलं जातं. ते मुख्यमंत्री झाले 1980 साली. तेव्हापासून किती सरकारं आली-गेली, आणि मोठ्या खाड्यांवरचे पूल अजून पुरते झालेले नाहीत. बाणकोट खाडीवरचं काम सुरू होऊन कित्येक वर्षं रखडलेलंच राहिलं.

पूल नाहीत तिथे फेरीबोट आहे, आणि ती या प्रवासातली सगळ्यात छान गोष्ट आहे हे कबूल करायला हवं. आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेसवी, दाभोळ ते धोपावे, तवसाळ ते जयगड अशा या जंगल जेट्या. गाडी उलटी घेत बोटीवर चढवायची, हँडब्रेक ओढायचा आणि उतरून कठड्याला टेकून उभं राहायचं. काही मिनिटांत पलीकडचा धक्का येतो. दाभोळला ही बोट 2003 साली सुरू झाली. ती नसती तर समोर दिसणाऱ्या धोपाव्याला जायला चिपळूणकडून मोठा वळसा पडला असता. पण बोटीला वेळापत्रक असतं, शेवटची फेरी असते, सुट्टीच्या दिवशी धक्क्यावर गाड्यांची रांग असते. रोज एक खाडी ओलांडायची म्हटलं की रोजचा दिवस त्या फेरीभोवती बांधला जातो. दुपारचं जेवण उरकतं घ्यावं लागतं, वाटेतलं देऊळ ‘पुढच्या वेळी’वर जातं. सबंध सहलीत एखादी खाडी असेल तर तीच फेरी मजेची होते.

आता आडवी सहल म्हणजे काय, ते एका पट्ट्यावर पाहू. कराड-पाटणकडून कोयनानगरमार्गे कुंभार्ली घाटाने उतरा. कोयना खरी कृष्णेची उपनदी, तिचं पाणी जायचं बंगालच्या उपसागराला. पण धरणात अडवलेलं पाणी सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून पश्चिमेला सोडून त्यावर वीज केली जाते आणि ते अवजल घाटाखाली वाशिष्ठीला मिळतं. कोकणातल्या इतर नद्या मार्च-एप्रिलमध्ये गोट्यांवर येतात तेव्हाही वाशिष्ठीला पाणी असतं ते यामुळे. घाट उतरलात की त्याच पाण्याच्या सोबतीने चिपळूणला याल. इथे परशुरामाच्या देवळापाशी उभं राहिलं की खाली वाशिष्ठीची वळणं दिसतात, गोवळकोटचा किल्ला दिसतो आणि भरतीचं पाणी समुद्रापासून इतकं आत कसं येतं ते समजतं. जुलै 2021 मध्ये हे शहर पुरात का बुडालं, याचाही थोडा उलगडा इथूनच होतो. मग सडा ओलांडून गुहागर. तिथे सुपारीच्या वाड्यांमधून गेलेला एकच लांब रस्ता, व्याडेश्वराचं देऊळ आणि मागे मैलोगणती वाळू. गुहागरला मुक्काम टाकून एक दिवस दक्षिणेला वेळणेश्वर आणि हेदवी, दुसऱ्या दिवशी उत्तरेला अंजनवेलचा गोपाळगड आणि धोपाव्याहून बोटीने दाभोळ. दाभोळच्या धक्क्याजवळ आदिलशाही काळातली घुमटाची मशीद आहे. ज्या बंदरासाठी ही सगळी वाट तयार झाली, त्याचा थाट अजून तिच्या दगडांत आहे. घाटमाथ्यापासून समुद्रापर्यंत एका पाण्याची गोष्ट तीन-चार दिवसांत पुरी होते, आणि एकाच खोलीत राहिल्यामुळे रोज सामान बांधायची कटकट वाचते.

असेच आणखी पट्टे आहेत, आपल्या घरून जो घाट जवळ तो धरावा. पुणेकरांना ताम्हिणी उतरून माणगाव-म्हसळ्यावरून श्रीवर्धन, हरिहरेश्वर. कोल्हापूरकरांना आंबा घाटाने रत्नागिरी, नाहीतर फोंडा किंवा करूळ घाटाने देवगड-मालवण. बेळगावकरांना आंबोलीवरून सावंतवाडी, वेंगुर्ला. वरंध घाटाचं मात्र पावसाळ्यात काही खरं नसतं, तो बरेचदा बंदच ठेवतात.

दिशेनंतर वेळ, आणि इथे घड्याळापेक्षा पंचांग कामाला येतं. किनाऱ्यावर फार जुना ठोकताळा आहे: तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची वेळ मिळते. षष्ठी असेल तर सहाची पाऊणपट साडेचार, म्हणजे साडेचारच्या सुमारास भरती आणि त्याआधी सहा तास, साडेदहाला, ओहोटी. दशमीला भरती साडेसातला, ओहोटी दीडला. दक्षिणेकडे भरती थोडी आधी येते, म्हणून अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरावा. पण सहल आखायला एवढं पुरतं. हरिहरेश्वरची प्रदक्षिणा खडकांवरून आहे आणि ती ओहोटीलाच करायची असते. भरतीत त्या वाटेवर लाटांनी माणसं ओढून नेल्याच्या घटना घडलेल्या आहेत. याउलट हेदवीची बामणघळ ओहोटीला पाहिली तर कातळातली एक चीर, बस्स. भरतीला तिच्यात घुसलेलं पाणी उंच उसळतं, ते पाहायला जायचं. संध्याकाळी वाळूत रमायचं असेल तर पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास जावं, तेव्हा ओहोटी सूर्यास्ताच्या सुमारास लागते आणि किनारा रुंद मिळतो. अष्टमीला संध्याकाळी भरती. भांगाचे दिवस असल्यामुळे पाणी फार चढत नाही, तरी वाळू थोडीच उरते. हॉटेलची खोली दोन महिने आधी घेणारे लोक ही दोन मिनिटांची आकडेमोड करत नाहीत, याचं नवल वाटतं.

यावर पहिला आक्षेप असा येईल की पूल होऊ द्या, मग हा सगळा हिशेब मोडीत निघेल. पूल जरूर व्हावेत. रात्री-अपरात्री पेशंट घेऊन खाडीच्या अलीकडे अडकलेल्या माणसाला फेरीबोटीची गंमत सांगण्यात अर्थ नाही. पण पुलाने बोटीची वाट पाहणं वाचेल. सड्यावरची चढउतार आणि गावातली अरुंद वळणं तशीच राहतील, आणि रस्ता नव्याने रुंद केला तर तो गावं टाळून जाईल. ज्यासाठी एवढं आलो ते मग काचेतून पाहायचं. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. नागपूर-अमरावतीहून किंवा परदेशातून येणारा माणूस कोकणात वारंवार येत नाही, त्याने एकाच खाडीत का अडकावं? त्याला रोज थोडं थोडं खाली सरकण्याची गरज नाही. कोकणचा नकाशा माशाच्या काट्यासारखा आहे. मुंबई-गोवा महामार्ग हा मधला काटा आणि समुद्राकडे जाणारे फाटे ही बाजूची काटकं. एक पट्टा पाहून महामार्गाला लागावं, सरळ दीडशे-दोनशे किलोमीटर तोडावेत आणि दुसऱ्या, अगदी वेगळ्या पट्ट्यात उतरावं. गुहागर आणि मालवण असे दोन मुक्काम आठवड्यात आरामात बसतात. रेवसपासून रेड्डीपर्यंत सलगच जायचं असेल तर तोही छंद वाईट नाही, पण त्याला आठ-नऊ दिवस द्यावेत आणि मुलाबाळांना घेऊन तो करू नये.

‘समुद्र पाहायला जायचं तर आतल्या भागात काय ठेवलंय?’ असंही विचारतात. रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवरची कातळशिल्पं हे त्याला उत्तर पुरेसं आहे. हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी जांभ्याच्या उघड्या कातळात हत्ती, मासे, माणसं आणि अजून न उलगडलेल्या आकृत्या कोरून ठेवल्या. बारसू, उक्षी, देवाचे गोठणे ही त्यांतली काही ठिकाणं. युनेस्कोच्या संभाव्य जागतिक वारशांच्या यादीत ती 2022 साली गेली. उक्षीची शिल्पं तर किनाऱ्यापासून चांगली आत आहेत, आणि किनाऱ्याच्या धावपळीत ती कुणी पाहत नाही. दुपारच्या उन्हात तो कातळ तापतो, तेव्हा सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर जावं. तेव्हा सावल्या तिरप्या पडल्याने रेषाही नीट दिसतात.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. गणपतीच्या आधीचे चार दिवस महामार्गावर जाऊ नये. शिमग्यात जायचं तर पालखीसाठीच जावं, खोली मिळेल ही आशा धरू नये. 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत मासेमारी बंद असते, त्या काळात ताज्या पापलेटचा आग्रह धरला तर बर्फातलं मिळेल. पंप बहुतेक तालुक्याच्या किंवा मोठ्या बाजाराच्या गावी आहेत, अर्धी टाकी झाली की भरून घ्यावी. घरगुती खानावळीत आयत्या वेळी जाऊन बसलं तर ताट मिळत नाही. किती माणसं, त्यात शाकाहारी किती, हे सकाळी फोनवर सांगावं लागतं, कारण नारळ त्यानंतर खवला जातो. आणि गाडी वाळूत उतरवू नका. ओहोटीला ओली वाळू रस्त्यासारखी टणक दिसते, चाक एकदा रुतलं की ट्रॅक्टर शोधावा लागतो, आणि तो मिळेपर्यंत पाणी इंजिनात शिरलेलं असतं.