काउंटरवर कोण बसणार?

पुण्याहून साताऱ्याकडे निघाले, की कात्रज ओलांडल्यावर खेड शिवापूर लागते. पुढे वरवे बुद्रुक, नसरापूर फाटा आणि कापूरहोळ. हा पट्टा महामार्गावरच्या हॉटेलांचा आणि लॉजचा. इथे उतरणारा प्रवासी एका प्रकारचा नसतो. शिवापूरला हजरत कमर अली दरवेश यांच्या दर्ग्यावर जियारतीसाठी आलेले कुटुंब असते, राजगड-तोरणा चढायला निघालेली कॉलेजची मुले असतात, नारायणपूरला दत्तदर्शनासाठी चाललेले भाविक असतात. शिरवळच्या कारखान्यांत कामासाठी आलेले लोक असतात आणि बेंगळुरूकडे माल नेणारे ट्रकचालकही असतात.

या सर्वांना सर्वांत आधी भेटतो तो काउंटरवरचा माणूस. फोन घेणे, दर सांगणे, ओळखपत्र पाहणे, रजिस्टरमध्ये नोंद करणे, किल्ली देणे, तक्रार ऐकणे, सकाळी बिल करणे ही त्याची कामे. आपल्या अनेक घरांतील मुले दहावी-बारावीनंतर नात्यातल्या कुणाच्या ओळखीने ‘हॉटेल लाइन’मध्ये जातात आणि याच काउंटरवर धंदा शिकतात. म्हणून कृत्रिम बुद्धिमत्ता, म्हणजेच एआय, या काउंटरवर काय बदल घडवीत आहे, हा प्रश्न केवळ मोठ्या शहरांतील पंचतारांकित हॉटेलांचा नाही. तो आपल्या घरातल्या रोजीचाही आहे.

यंत्राकडे गेलेली कामे

खोलीचे बुकिंग ॲपवर आले, तेव्हाच फोनवरची निम्मी बोलणी संपली होती. एआयने त्यापुढची पायरी गाठली. ‘खोली आहे का, एसीचा दर किती, गाडी लावायला जागा आहे का’ असे व्हॉट्सॲपवर विचारले, तर उत्तर माणूसच देतो असे आता राहिले नाही. विमानाच्या तिकिटाप्रमाणे खोलीचा दरही मागणी पाहून संगणक ठरवतो. शनिवार-रविवारी किंवा सणाच्या सुटीत तो चढतो, मधल्या वारी उतरतो. पाहुण्याने लिहिलेल्या तक्रारीला नम्र उत्तर लिहून देणे, रात्रीचा हिशेब जुळवणे, एका भाषेतला निरोप दुसऱ्या भाषेत करणे हीही कामे यंत्र करते. भारत सरकारने २०२२ मध्ये सुरू केलेल्या ‘भाषिणी’ या भाषांतर व्यवस्थेत मराठी आणि उर्दू दोन्ही आहेत. तामिळनाडूचा ट्रकचालक आणि भोरचा मुलगा फोन मध्ये धरून बोलू शकतात, ही चांगलीच गोष्ट आहे.

यंत्र कुठे अडते?

जपानमध्ये नागासाकी प्रांतात २०१५ साली ‘हेन ना’ नावाचे हॉटेल सुरू झाले. तिथे स्वागताला यंत्रमानव होते, त्यांत एक चक्क डायनासोर. जगभर त्याची चर्चा झाली. २०१९ च्या सुरुवातीला बातमी आली, की २४३ पैकी निम्म्याहून अधिक यंत्रमानव कामावरून काढले आहेत. खोलीतले यंत्र पाहुण्याचे घोरणे ऐकून त्याला काही विचारायचे आहे असे समजे आणि मध्यरात्री त्याला उठवी. पासपोर्टची प्रत काढायला माणसालाच यावे लागे. यंत्रांनी वाढवलेले काम शेवटी कर्मचाऱ्यांच्या अंगावर आले.

त्यानंतर यंत्रे पुष्कळ सुधारली. तरी काही ठिकाणी ती आजही अडतात, आणि त्यांतली काही ठिकाणे आपल्या ओळखीची आहेत. ‘शेख’ हे आडनाव इंग्रजीत तीन-चार प्रकारे लिहिले जाते. ‘मोहम्मद’ कधी पूर्ण असते, तर कधी दोन अक्षरांत उरकलेले. बुकिंगवर एक स्पेलिंग आणि आधारवर दुसरे असले, तर नावे जुळवणारे यंत्र ‘जुळत नाही’ म्हणून थांबू शकते. काउंटरवरचा माणूस फोटो पाहतो, चेहरा पाहतो आणि म्हणतो, ‘या चाचा, तुमचंच आहे.’

दुसरा प्रश्न जेवणाचा. ‘तुमच्याकडे मांस हलाल असते का?’ असे यंत्राला विचारले, तर ते मोठ्या आत्मविश्वासाने ‘होय’ म्हणू शकते. ते उत्तर कुणीतरी कधीतरी लिहिलेल्या मजकुरावरून जुळवलेले असते. मांस कोणत्या दुकानातून येते, आज ते दुकान बंद असल्याने दुसरीकडून आणले का, हे भटारखान्याशी रोज बोलणाऱ्यालाच ठाऊक असते.

मग यंत्र चुकीचे सांगेल तर जबाबदार कोण? कॅनडात याचा निकाल लागला आहे. आजीच्या निधनामुळे विमानाने निघालेल्या एका प्रवाशाला एअर कॅनडाच्या चॅटबॉटने सांगितले, की सवलतीसाठी प्रवासानंतरही अर्ज करता येईल. प्रत्यक्षात कंपनीचा नियम तसा नव्हता. चॅटबॉट हा स्वतंत्र घटक आहे आणि त्याच्या बोलण्याला तोच जबाबदार, असा बचाव कंपनीने केला. ब्रिटिश कोलंबियातील न्यायाधिकरणाने फेब्रुवारी २०२४ मध्ये तो फेटाळला आणि प्रवाशाला भरपाई द्यायला लावली. तो निकाल भारतात बंधनकारक नाही, पण त्यातली गोष्ट कुणालाही पटेल अशी आहे. दुकान ज्याचे, शब्दही त्याचाच.

शिकायची जागा

‘नोकऱ्या जातील का?’ असे सगळेच विचारतात. त्याहून काळजीचा प्रश्न वेगळा आहे. नवा मुलगा आधी रजिस्टर लिहितो, मग फोन घेतो, मग रागावलेल्या पाहुण्याला समजावतो आणि काही वर्षांनी मॅनेजर होतो. नावे लिहिता लिहिता त्याला माणसे वाचता येऊ लागतात. रात्री एक वाजता आजारी मूल घेऊन आलेल्या कुटुंबाला ॲपवर खोली मिळालेली असते, पण प्रत्यक्षात ती दुसऱ्या ॲपवरूनही विकली गेलेली असते. अशा वेळी काय करायचे, शेजारच्या कोणत्या लॉजला फोन लावायचा, डॉक्टर कुठे मिळेल, हे कोणी पुस्तकातून शिकत नाही. शिडीच्या खालच्या दोन पायऱ्या यंत्राने घेतल्या, तर वरच्या पायरीवर पोहोचणार कोण? अनुभवी मॅनेजर हवा असे सगळे मालक म्हणतील आणि अनुभव मिळण्याची जागाच उरलेली नसेल.

यावर मालकांच्या हातात उपाय आहे. नव्या मुलाला यंत्राच्या जागी नव्हे, यंत्राच्या वर बसवावे. यंत्राने पाठवलेली उत्तरे त्याने रोज तपासावीत, चुकलेली दुरुस्त करावीत. पैसे परत करणे, जेवण आणि तक्रार या तीन बाबतींत शेवटचा शब्द माणसाचा असावा. रात्री उचलला जाणारा एक फोन नंबर काउंटरवर असावा.

पालकांनीही ‘काहीतरी काम शिकेल’ एवढ्यावर मुलाला पाठवू नये. शक्य असेल तर रीतसर शिक्षण द्यावे. मुंबईत दादरला १९५४ मध्ये स्थापन झालेली हॉटेल मॅनेजमेंटची संस्था आहे, पुण्यातही राज्य शासनाची संस्था आहे. ते जमत नसेल, तर निदान बुकिंगचे सॉफ्टवेअर, कामापुरते इंग्रजी आणि हिशेब एवढे तरी यावे. आपल्या मुलांजवळ एक भांडवल आधीच आहे. घरात दखनी, शाळेत मराठी, बाजारात हिंदी. ही बोली-बोलीतली ये-जा हॉटेलच्या काउंटरवर कामाची असते. ज्या मुलींना रात्रपाळी शक्य नाही, त्यांच्यासाठी बुकिंग सांभाळणे, दर आणि उत्तरे तपासणे हे दिवसा, काही ठिकाणी घरूनही करता येण्यासारखे काम आहे.

आपण प्रवासी असतो तेव्हा

बुकिंग ॲपवर झाले तरी निघण्यापूर्वी हॉटेलला एक फोन करावा. खोली नक्की आहे ना, आणि जेवणाबद्दल जे विचारायचे ते माणसालाच विचारावे. आधारची प्रत द्यावी लागली, तर ‘मास्क्ड’ आधार द्यावे. त्यात शेवटचे चारच अंक दिसतात आणि ते आधारच्या संकेतस्थळावरून काढता येते. परदेशी नागरिकत्व घेतलेले नातेवाईक सोबत असतील, तर त्यांची माहिती हॉटेलला चोवीस तासांत सरकारकडे पाठवावी लागते. पासपोर्ट मागितला म्हणून रागावू नये. फसवणूक झाल्यास १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे.

पूर्वी सरायांत मुसाफिर उतरत. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळच्या साबू सिद्दीक मुसाफिरखान्याचे नाव अनेक घरांत आजही निघते. अशा ठिकाणी दारावर कुणीतरी विचारणारे असे, ‘कुठून आलात?’ हा प्रश्न आता यंत्रही विचारते. पण उत्तर ऐकून पाण्याचा ग्लास पुढे करायचा की डॉक्टरला फोन लावायचा, हे ठरवणारे कुणीतरी काउंटरमागे हवे. ते आपल्यातलेच एखादे मूल असेल, तर त्याला त्या कामासाठी आजच तयार करायला हवे.