घरातले ध्वनिमुद्रण आणि गवयाचा कान

१९०२ साली कलकत्त्यात गौहर जान यांचे गाणे मुद्रित झाले, तेव्हा राग जेमतेम तीन मिनिटांत आटोपावा लागे. आज ध्वनिमुद्रण घरातल्या टेबलावर येऊन बसले आहे; वेळेचे बंधन उरलेले नाही. मात्र कोणते सॉफ्टवेअर घ्यावे, याविषयी गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांत एकमत नाही. ‘ऑडॅसिटी’ विनामूल्य मिळते, ‘रीपर’ ६० दिवस वापरून पाहता येते, ‘गॅराजबँड’ ॲपलच्या यंत्राबाहेर चालत नाही. महाग तेच उत्तम असे मानणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे की, निव्वळ मुद्रणापुरते पाहिले तर यांच्या आवाजात कानाला जाणवावा असा फरक नसतो. फरक पडतो तो मायक्रोफोनने, खोलीने आणि (हे कोणी सांगत नाही) डोक्यावरच्या पंख्याने!

खरा प्रश्न पुढेच आहे. ही साधने घडली ती मुख्यतः पाश्चात्त्य संगीताच्या सोयीने. १९९७ साली आलेले ‘ऑटो-ट्यून’ नेहमीच्या मांडणीत प्रत्येक स्वर सप्तकाच्या बारा समान भागांकडे ओढते. नवख्या गायकाने ते दरबारीच्या आंदोलित गंधारावर चालविले, तर दोष म्हणून पुसला जातो तो रागच. लयीचेही तसेच. ख्यालाची लय हळूहळू चढत जाते. पडद्यावरच्या आखीव ठोक्यांना ती बांधली की गाण्याची कवायत होते. हे सारे बंद ठेवता येते. ते कसे, हे गायनवर्गांनी विद्यार्थ्यांना पहिल्याच मुद्रणाआधी दाखवावे आणि तानपुऱ्याचा पट्टा आधी भरून घेण्याची सवय लावावी.