नकाशातले 45 मिलिमीटर

मालवणात घराचा नकाशा म्हटला की बहुतेकांना खोल्यांची मांडणीच आठवते: पडवी इथे, देवघर तिथे. बांधकामाला तेवढं पुरत नाही. तपशीलवार नकाशातला एक आकडा मला फार मोलाचा वाटतो: सळईवरच्या काँक्रीटची जाडी, म्हणजे ‘कव्हर’.

खाऱ्या हवेतलं क्लोराइड ओलाव्याबरोबर काँक्रीटच्या सूक्ष्म छिद्रांत शिरतं, सळईवरचा संरक्षक थर फोडतं आणि गंज धरतो. गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा लागते, म्हणून छज्ज्याचे पोपडे सुटतात. भारतीय मानक आयएस 456 (2000) सौम्य हवेत 20 मिलिमीटर कव्हर पुरेसं मानतं. किनाऱ्यावर 45, समुद्राचे तुषार लागत असतील तर 50. आकडा नसला की सळईखाली खडीचा तुकडा सरकवला जातो. काँक्रीट ओतताना तो निसटतो आणि सळई थेट साच्याच्या फळीला टेकते. आकडा लिहिलेला असेल तर स्लॅब भरण्याआधी टेप लावून बघता येतं, सळईखाली ठेवायचे कव्हरचे ठोकळे मोजून घेता येतात.

छपराचंही तेच. मे 2021 मध्ये तौक्ते वादळाने या किनाऱ्यावर कितीतरी घरांची कौलं उडवली. वासा भिंतीला कशाने जखडायचा, हे मांडणीच्या नकाशात दिसतच नाही. त्याला उभा छेद लागतो. तो आर्किटेक्टकडून हट्टाने मागून घ्या.