गॅस गीझर घरी आहे? मग बाथरूममधल्या हवेचा हा हिशोब एकदा बघाच!

थंडी सुरू झाली की पेपरच्या आतल्या पानावर एक छोटीशी बातमी हमखास दिसते. आंघोळीला गेलेली व्यक्ती बराच वेळ बाहेर आली नाही, घरच्यांनी दार तोडलं, तर ती आत बेशुद्ध पडलेली. कुठे स्फोट नाही, आग नाही, गॅसचा वाससुद्धा नाही. मग नेमकं झालं काय?

अशा घटनांमध्ये अनेकदा उत्तर भिंतीवरच टांगलेलं असतं, ते म्हणजे गॅस गीझर.

हा गीझर चालतो कसा?

गॅस गीझरमध्ये पाणी साठवायची टाकी नसते. नळ सोडला की पाण्याच्या दाबाने आतला व्हॉल्व्ह उघडतो, बॅटरीच्या सेलवर ठिणगी पडते आणि बर्नर पेटतो. बर्नरच्या वर तांब्याची नळी असते. तिच्यातून जाता जाता पाणी गरम होतं. नळ बंद केला की बर्नरही बंद.

लाईट गेली तरी गरम पाणी मिळतं, वाट बघावी लागत नाही, वीजबिल वाढत नाही. त्यामुळे पुण्या-नाशिकच्या फ्लॅटपासून तालुक्याच्या गावापर्यंत हा गीझर घरोघरी पोहोचला. यात वावगं काहीच नाही. प्रश्न आहे तो गीझर कुठे बसवला याचा.

दहा मिनिटांत किती हवा लागते?

समजा, मिनिटाला ६ लिटर पाणी देणारा गीझर दहा मिनिटं चालला. म्हणजे ६० लिटर पाणी. ते २५ अंशांनी तापवायला साधारण १७० ग्रॅम एलपीजी जळतो. तेवढा गॅस नीट जळायला सुमारे २,००० लिटर हवा लागते.

आता ५ फूट लांब, ४ फूट रुंद आणि ८ फूट उंच बाथरूम घ्या. त्यात हवा मावते फक्त ४,५०० लिटर. थंडी म्हणून खिडकी बंद, दाराला कडी. म्हणजे एकाच आंघोळीत जवळपास निम्म्या हवेतला ऑक्सिजन वापरला जाऊ शकतो. आणि सकाळच्या घाईत लगेच दुसरा माणूस आत जातो!

ऑक्सिजन कमी पडायला लागला की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो.

वास का येत नाही?

एलपीजीला मुळात वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचं मरकॅप्टन मिसळतात. कार्बन मोनॉक्साइडला मात्र ना रंग, ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून जास्त घट्ट चिकटतो. श्वास चालू असतो, पण मेंदूला ऑक्सिजन पोहोचत नाही. आधी डोकं जड होतं, चक्कर येते, मळमळतं. मग हातापायातली ताकद जाते आणि समोर असलेल्या कडीपर्यंतही हात पोहोचत नाही.

काहींना आकडी येते. भारतातल्या मेंदूविकारतज्ज्ञांनी असे अनेक रुग्ण नोंदवले आहेत. फिट येण्याचा आजार समजून त्यांच्यावर विनाकारण औषधोपचार होण्याची शक्यता असते. म्हणून बाथरूममध्ये कुणाला आकडी आली, तर घरात गॅस गीझर आहे हे डॉक्टरांना न विसरता सांगा.

मग काय करायचं?

• गीझर आणि सिलिंडर दोन्ही बाथरूमच्या बाहेर, ड्राय बाल्कनीसारख्या मोकळ्या जागी बसवा. आत फक्त गरम पाण्याचा पाईप येऊ द्या. हा सर्वात खात्रीचा उपाय.

• ते होईपर्यंत दार उघडं ठेवून बादली भरा, गीझर बंद करा, हवा खेळू द्या आणि मगच आंघोळीला जा.

• फक्त एक्झॉस्ट फॅनवर विसंबू नका. बाहेरची हवा आत यायला खाली जाळी नसेल, तर पंखा ओढणार तरी काय?

• ज्योत निळी हवी. पिवळी दिसली किंवा काजळी धरली तर वापर थांबवा आणि मेकॅनिकला बोलवा. वर्षातून एकदा, शक्यतो थंडीच्या आधी, सर्व्हिसिंग करून घ्या.

• पाईप गॅस घेतलाय? एलपीजीचा गीझर तसाच जोडू नका, दोन्हींचे जेट वेगळे असतात.

कुणी बेशुद्ध सापडलं तर?

दार-खिडक्या उघडा, गॅस बंद करा, व्यक्तीला मोकळ्या हवेत आणा आणि १०८ ला फोन करा. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर ९८ आकडा दिसला तरी निश्चिंत होऊ नका. साधं यंत्र ऑक्सिजन आणि कार्बन मोनॉक्साइड यांतला फरक ओळखत नाही. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, तर रुग्णालयात शुद्ध ऑक्सिजन दिला की साधारण दीड तासाच्या आत तेवढा उतरतो. म्हणून शुद्ध आली तरी दवाखाना टाळू नका.

गीझर बाहेर हलवायला लागतो थोडा पाईप आणि प्लंबरचा एक दिवस. थंडी वाढायच्या आत हे काम उरकून टाका.